काळा स्प्रे दुसऱ्या कोटला सुरकुततो, तेही दर वेळी? कॅन बदलण्याआधी खालचा थर आणि घड्याळ बघा

पहिला कोट झकास बसतो. काळाकुळकुळीत, ओला, एकसारखा, आपण दोन मिनिटं नुसतं बघतच राहतो. मग थोडा वेळ जातो, रंग हाताला सुका लागतो म्हणून दुसरा कोट मारतो आणि पाच-सात सेकंदांत डोळ्यांदेखत रंग हलायला लागतो. आधी कडेला एक बारीक रेघ उठते, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्खा पट्टा पाण्यात भिजलेल्या बोटांच्या कातडीसारखा सुरकुतून जातो. मग आपण म्हणतो कॅनच खराब होता, दुसरा आणतो, आणि परत तेच.

माझ्या बाईकच्या चेनकव्हरवर हे ओळीने तीनदा झालं म्हणून सगळं नीट मांडतोय. तिन्ही वेळा रंग सुरकुतलाच पण कारणं तीन वेगळी निघाली, आणि एकातही कॅनचा दोष नव्हता.

पहिल्यांदा मी दुसरा कोट साधारण तीन तासांनी मारला. कॅनवर बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं की पुढचा कोट एकतर 1 तासाच्या आत मारा नाहीतर 48 तासांनंतर. मी ते वाचलं होतं पण मला वाटलं जास्त वाळलं तर चांगलंच की. तसं नसतं. स्वस्तातले आणि सहज मिळणारे बरेचसे काळे स्प्रे इनॅमल असतात आणि इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातला थिनर उडून जातो, तेवढ्याने रंग हाताला सुका लागतो. मग हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू आतून कडक होत जातो आणि हे काम वरून खाली चालतं, म्हणजे वर साय धरते आणि खाली अजून मऊच असतं. अशा वेळी वरून नवा कोट आला की त्यातला थिनर त्या सायीत मुरतो, साय फुगते, तिला आडवं पसरायला जागा नसते म्हणून ती वर उचलली जाते. तीच सुरकुती. तासाभराच्या आत मारला असता तर अख्खा थर अजून सैल असल्यामुळे दोन्ही कोट एकजीव झाले असते, आणि दोन दिवसांनी मारला असता तर खालचा थर थिनरला दाद देत नाही इतका कडक झाला असता. मधले तास धोक्याचे. हा आकडा प्रत्येक कॅनचा वेगळा असतो, काहींवर 24 तास असतात, काहींवर 48, काहींवर त्याहून जास्त, म्हणून तुमच्या हातातल्या कॅनवर जो आहे तोच खरा. आणि तोही उबदार, कोरड्या हवेसाठी आणि पातळ कोटासाठी असतो. थंडीत किंवा दमट हवेत मारलेला जाड कोट दोन दिवसांनीसुद्धा आतून कच्चा असू शकतो.

दुसऱ्यांदा मी सुरकुत्या घासून काढल्या, चांगला आठवडा थांबलो, आणि वरून लॅकरचा काळा मारला कारण तो लवकर वाळतो असं ऐकलं होतं. या वेळी सगळीकडे नाही सुरकुतलं. जिथे घासताना रंग पार उडून पत्रा दिसायला लागला होता त्या जागेच्या भोवती बरोब्बर एक गोल कडं उठलं, नकाशातल्या तळ्याच्या काठासारखं. ते कडं मी बराच वेळ बघत होतो आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की घासलेल्या रंगाची पातळ झालेली धार हीच सगळ्यात कमजोर जागा असते. लॅकरचा थिनर तिखट असतो, तो त्या धारेखाली शिरतो आणि तिला उचलतो. म्हणून हे डोक्यात पक्कं बसवा, इनॅमलवर लॅकर मारायचा नाही. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर इनॅमल साधारण चालतो, उलट केलं की गडबड.

तिसऱ्यांदा प्रायमर. स्प्रेचा फिलर प्रायमर मी एकाच दमात भरपूर मारला कारण घासल्याचे चरे बुजवायचे होते, वरून सुका वाटला, पण खाली थिनर कोंडलेला होता. काळा चढला आणि सुरकुत्या बारीक, दाट, कोबीच्या पानावरच्या शिरांसारख्या आल्या. एक जाड कोट वाळायला तीन पातळ कोटांपेक्षा जास्त वेळ घेतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि तेव्हापासून प्रायमरला रात्रभर ठेवतो, कॅन काहीही म्हणो.

आता खाली काय रंग आहे हे कळायचं कसं, कारण जुन्या वस्तूवर आधी कुणी काय मारलंय ते आपल्याला माहीत नसतं. कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनर घ्या आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून कापसावर आला तर तो लॅकर. रंग फुगला, मऊ पडला, सुरकुतला तर इनॅमल किंवा कच्चा राहिलेला थर. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग, पावडर कोट नाहीतर हार्डनरवाला टू-के (म्हणजे रंग आणि त्याला कडक करणारं हार्डनर असे दोन घटक मिसळून वापरायचा रंग), आणि या तिन्हींवर नीट घासून तुम्ही जवळपास काहीही मारू शकता. एका मिनिटाचं काम आहे पण माझे दोन आठवडे वाचले असते. एकच सांभाळा, प्लास्टिकच्या पार्टवर ही टेस्ट करू नका, थिनर प्लास्टिकच खाऊन टाकतो.

सुरकुत्या आल्याच तर त्या क्षणी हात आवरायचा. वरून अजून रंग मारून झाकायला जाऊ नका आणि ओलं असताना पुसायलाही जाऊ नका, ते पुसलं की चिखल होतो. तसंच सोडून द्या, चार-पाच दिवस, हवा थंड असेल तर जास्त. मग नाकाजवळ नेऊन वास घ्या, थिनरचा वास येत असेल तर अजून कच्चं आहे. आतल्या बाजूला नख दाबून बघा, खूण उमटली तर थांबा. मग 320 नंबरच्या सँडपेपरने घासायला घ्या, पावडर निघाली तर बरोबर चाललंय, पण रंगाच्या गोळ्या होऊन पेपरला चिकटायला लागल्या तर पेपर खाली ठेवा आणि अजून थांबा. सुरकुत्या थोड्याच जागी असतील तर सपाट घासून वर आधी भुरभुर कोट द्यायचा, म्हणजे लांबून इतका हलका की ओलं दिसताच कामा नये, असे दोन-तीन दिले की खालच्या थरापर्यंत थिनर पोचत नाही. खालच्या थरावर अजिबात भरवसा नसेल तर एपॉक्सी प्रायमरचा आडपडदा टाकायचा. आणि अख्खा पॅनेल गेला असेल तर रंगकाढू लावून सरळ पत्र्यापर्यंत उतरवा, चौथ्यांदा मी तेच केलं. अर्ध्या दिवसाचं काम वाटतं, पण वर वर डागडुजी करण्यात त्याच्या तिप्पट वेळ जातो.

ही झाली सुरकुत्यांची गोष्ट. पण मुळात कॅन निवडतानाच निम्मे घोळ टळतात, कारण झाकणावर नुसतं काळा आणि ग्लॉसी किंवा मॅट एवढंच ठळक असतं, आतला रंग कुठल्या जातीचा ते मागच्या बाजूला शोधावं लागतं. लॅकर म्हणजे जो फक्त थिनर उडून वाळतो, दहा-पंधरा मिनिटांत पुढचा कोट घेतो, खालच्या कोटाला थोडं विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून त्याच्यावर तोच कधीही मारता येतो. गाडीच्या बॉडीच्या कामाला हा सोयीचा, चूक झाली तर घासून परत मारता येते, पण नुसता लॅकर पेट्रोलसमोर टिकत नाही. टाकीवर झाकणापासून एक थेंब ओघळला तरी डाग कायमचा, म्हणून बाईकच्या टाकीला वरून टू-के क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, हवाच. इनॅमल उशिरा वाळतो पण कडक होतो, गेट, कॅरिअर, स्टँड, लोखंडी खुर्ची, चेनकव्हर अशा मार खाणाऱ्या वस्तूंना मी तोच वापरतो. टू-केच्या कॅनच्या बुडाशी एक बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची डबी फुटते आणि तिथून घड्याळ सुरू होतं, साधारण एक-दोन दिवसांत आतला रंग कॅनमध्येच घट्ट होतो, त्यामुळे सगळी तयारी झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने दमा जडू शकतो, एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. साधा कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल तर क्लिअरपुरतं काम बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या, यात काटकसर नको. बाकीच्या स्प्रेलाही वाफ अडवणारे काडतूसवाले मास्क वापरा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास कुठलीही ज्योत नको, कॅनमधला गॅस पेट घेतो.

सायलेन्सरला साधा काळा कितीही चांगला मारा, पहिल्या लांब फेरीतच तो भाजून पापुद्र्यांनी निघतो. त्याला उष्णता सोसणारा सिलिकॉन रेझिनचा रंग लागतो, ज्याच्यावर 600 अंश सेल्सिअस वगैरे लिहिलेलं असतं. त्याच्याखाली साधा प्रायमर मारायचा नाही, तो जळतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो, गंज काढलेल्या, खरवडलेल्या उघड्या लोखंडावरच पातळ कोट द्यायचे. आणि हा रंग वाळला तरी पक्का होत नाही, त्याला शेकावं लागतं. इंजिन दहा मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग वीस मिनिटं, परत गार, मग अर्धा तास, आणि हे मोकळ्या हवेतच करा कारण धूर निघतो, तो निघायचाच. कॅनवर वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. शेकायच्या आधी त्याच्यावर पेट्रोल सांडलं किंवा नख लागलं तर रंग निघून येतो आणि लोकांना वाटतं रंगच बोगस आहे.

प्लास्टिकचं वेगळं दुखणं, तिथे रंग सुरकुतत नाही, सालीसारखा सोलून निघतो. पार्टच्या मागच्या बाजूला छापलेलं बघा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) लिहिलं असेल तर त्या प्लास्टिकला जवळपास काहीच चिकटत नाही, आधी प्लास्टिक प्रायमर म्हणजे पकड देणारा पारदर्शक कोट लागतो आणि तो लावल्यावर कॅनवर लिहिलेल्या वेळेतच रंग मारायचा. एबीएस (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) असेल तर बारीक घासून साधारण काम होतं. हेल्मेटला मात्र स्प्रे मारूच नका. पॉलिकार्बोनेटसारख्या कवचाला रंगातला थिनर आतून कमजोर करतो, वरून काही दिसत नाही, आणि कळतं ते पडल्यावर. जस्ताच्या पत्र्यावरही थेट इनॅमल नको, जस्त आणि त्या रंगातल्या तेलाची रिॲक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. आधी जस्तासाठीचा प्रायमर, मग काळा.

शेडबद्दल थोडं. काळा म्हणजे काळाच असं दुकानातल्या दिव्याखाली वाटतं, उन्हात नेलं की एक निळसर दिसतो, एक तपकिरी, एकात बारीक चकाकी असते. गाडीचा एखादा भाग रंगवायचा असेल तर दाराच्या चौकटीत किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्या कोडचा रंग भरून घ्या आणि आधी कार्डावर मारून, वाळवून, गाडीला लावून दिवसाउजेडी बघा. ग्लॉसीमध्ये ठिगळ घासून-पॉलिश करून थोडंफार मिसळवता येतं, मॅट आणि सॅटिनमध्ये (अर्धवट चमकीच्या रंगात) अजिबात नाही. तिथे अख्खा पॅनेल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदमच मारायचा.

ग्लॉसी काळ्याइतका कडक परीक्षक दुसरा रंग नाही. तो आरसा असतो, त्यामुळे खाली राहिलेला प्रत्येक चरा, प्रत्येक पोचा वर दिसतो. करड्या प्रायमरवर हात फिरवून सगळं सपाट लागतं, पण ट्यूबलाईटचं प्रतिबिंब काळ्यावर वाकडं दिसलं की समजतं. यावर एक युक्ती आहे जी मला फार आवडते. प्रायमर वाळला की उरलेल्या मॅट काळ्याचा अगदी विरळ धुरळा त्याच्यावर मारायचा, अर्धा करडा अर्धा काळा दिसेल इतकाच, आणि वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला 400 चा वॉटर पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागेवरचा काळा आधी उडतो आणि खळग्यात, चऱ्यांत काळा तसाच राहतो, जणू कुणी पेन्सिलीने खुणा करून दिल्यात. काळं उरलं तिथे अजून प्रायमर किंवा लांबी (पुट्टी), करडं झालं ते तयार. मग 600 किंवा 800 ने शेवटचा हात फिरवायचा आणि मगच रंग. 320 वर थांबलात तर चरे दिसणारच.

आणि घासायच्या आधी धुवायचं, फक्त नंतर नाही. आधी साबणाचं पाणी, मग मेण आणि तेल काढणारा क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, एका कापडाने लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं. आधीच घासलं तर पॉलिशचं मेण चऱ्यांमध्ये दाबलं जातं आणि मग रंग मारल्यावर जागोजागी बारीक गोल खळगे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे, तिथून रंग आपणहून मागे सरकतो. टायर चमकवायचा स्प्रे किंवा डॅशबोर्डचं पॉलिश त्याच खोलीत कुणी मारलं असेल तरी तेवढं सिलिकॉन पुरतं. खळगे आले तर वाळू द्या, घासा, परत क्लीनर मारा, आणि भुरभुर कोटापासून सुरुवात करा.

बाकीच्या तक्रारी बहुतेक हाताच्या आणि हवेच्या असतात. संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार आला म्हणजे लांबून मारला किंवा कॅन गार होता, ओघळ आले म्हणजे जवळून नाहीतर हात मधेच थांबला. 20 ते 30 सेंटीमीटर अंतर ठेवा, वस्तूच्या बाहेरच स्प्रे सुरू करा आणि बाहेरच सोडा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा. मारत राहिलं की कॅन गार पडतो, दाब कमी होतो आणि थुंकल्यासारखे थेंब येतात, तेव्हा तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, कोमट म्हणजे हात आरामात राहील इतकंच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, 50 अंशांच्या वर कॅन फुटू शकतो. काळ्यावर पांढरट धुकं आलं तर हवा दमट होती, थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्याच्यावर दव धरतं. लॅकर असेल तर कोरड्या हवेच्या दिवशी वरून एक पातळ कोट मारला की बरेचदा ते जातं.

मॅटमध्ये पट्टे किंवा चमकदार ठिपके आले तर आधी कॅन नीट हलवला होता का ते आठवा. चमक मारणारी पावडर बुडाशी बसलेली असते, आतली गोळी खणखण वाजायला लागल्यावर तिथून पुढे दोन मिनिटं हलवायचं, वाजायला लागेपर्यंत नाही. शेवटचा कोट आधीच्याला आडवा, एका दमात, सारख्या अंतरावरून. मॅटला घासून किंवा पॉलिश करून सुधारता येत नाही, परत मारणं हाच उपाय.

काम झालं की कॅन उलटा धरून फक्त गॅस येईपर्यंत दाबा, नोझल साफ राहतं, पुढच्या वेळी उपयोगी पडतं. काही कॅन उलटे धरूनही रंग मारतात, त्यांचं नोझल काढून थिनरमध्ये बुडवा.

माझं चेनकव्हर चौथ्या वेळी पत्र्यापर्यंत उतरवून, प्रायमरचे दोन पातळ कोट, रात्रभर थांबून, मग इनॅमलचे तीन पातळ कोट अर्ध्या तासाच्या आत असं झालं, आणि एकही रेघ उठली नाही. फिट करायला मात्र आठवडा थांबलो, कारण इनॅमल दोन दिवसांनी कडक वाटला तरी बोल्ट आवळताना वॉशरखाली रंग दबून बाहेर येतो आणि पुढच्या वेळी वॉशरसोबत त्याची चकती निघून येते. महिनाभर मेण किंवा पॉलिश लावू नका, प्रेशरचं पाणी कडांवर मारू नका. मॅट असेल तर मेण कधीच नको, लावलं तिथे चमकदार डाग पडतो आणि तो धुऊन निघत नाही.